लक्ष्मणराव किर्लोस्कर : निवडुंगाच्या माळावरील कुटुंब

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावी २० जून १८६९ रोजी जन्मलेल्या लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्करांना खरे तर चित्रकार व्हावयाचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखलही झाले. परंतु आपल्याला रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, हे लवकरच उमगले आणि रंग सोडून ते यंत्रांच्या रेखांकनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्यांनी अध्यापन केले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा तक्रारअर्ज न करता त्यांनी राजीनामा दिला. आपल्या हाताखालील माणसाला न्यायाने वागविले पाहिजे, ही त्यांची पुढील आयुष्यातील निष्ठा या अनुभवातच रुजली असावी, असे आम्हांस वाटते.

बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. या काळात लक्ष्मणराव ग्राहकाला दोष देत बसले नाहीत. फाळाविषयी तक्रार आली की फाळ सुधारावयाचा, हा त्यांच्या कारखान्याचा शिरस्ता झाला.

कारखान्याची जागा नगरपालिकेने मागितली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. राजेसाहेब स्वतः चित्रकार. रंग सोडावे लागलेल्या या कारागिराविषयी त्यांना जिव्हाळा वाटला, यात नवल नाही. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि कर्जाऊ रक्कम त्यांनी दिली. जमीन कसली, निवडुंगाने माजलेला आणि नागसापांनी भरलेला माळ तो! मार्च १९१० मध्ये मूठभर कामगार बायकामुलांसह तेथे उतरले.

किर्लोस्करवाडीचे वैशिष्ट्य येथून पुढे सुरू होते. मालक एकीकडे आणि मजूर दुसरीकडे, अशी मांडणी तेथे होणेच शक्य नव्हते. सारेच उघड्या माळावर होते. पाणी, घरे, शाळा यांची तजवीज कारखान्याच्या बरोबरीनेच झाली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता, आणि त्या काळी आसपासच्या गावांत हे सहज पचणारे नव्हते. सर्वांत बोलकी गोष्ट राखणदारांची. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्यांनाच लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. शहाण्यासुरत्या माणसांनी त्यांना वेड्यात काढले असणार. परंतु टाकलेला विश्वास त्या माणसांनी सांभाळला.

या पद्धतीत वडिलकीचा भाग मोठा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्याच्या शब्दावर घर मिळते त्याच्याशी वाद घालणे नोकराला सोपे नसते. तथापि, बाहेरून कुशल कामगार मिळण्याची सोयच नसलेल्या ठिकाणी शेतकऱ्यांच्या मुलांतून ओतारी, जोडारी आणि लोहार तयार करावयाचे, तर त्यांना वाडी आपली वाटणे अगत्याचे होते. जिव्हाळा हाच येथे व्यवहारही होता. पुढे पंप निघाले, तेलइंजिने निघाली. १९२० मध्ये मर्यादित कंपनी स्थापन झाली, आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेल्या ‘किर्लोस्करखबर’ या पत्रकातून मराठीतील एक मोठे मासिक उभे राहिले. हरिहर आणि बंगलोर येथील कारखान्यांनी तर महाराष्ट्राबाहेर गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांची चूल पेटती ठेवली.

१९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत वाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. हात आखडता घेण्यास याहून सबळ निमित्त कोणते? पण कारखाना पुन्हा उभा राहिला, यंत्रे फिरू लागली, आणि भट्टीतून नव्याने ओतीव माल निघाला, तो पाहावयास वृद्ध संस्थापक हयात होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. कुंडल रोड हे स्थानकाचे जुने नाव तोवर मागे पडले होते. गाडी आता किर्लोस्करवाडीला थांबत असे.