जगण्याचा खर्च मोजणारे दादाभाई

मुंबईत ४ सप्टेंबर १८२५ रोजी जन्मलेले दादाभाई नौरोजी मूळचे गणिताचे प्राध्यापक. १८५५ मध्ये व्यापारानिमित्त ते इंग्लंडला गेले; पण त्यांनी मांडलेला खरा हिशेब हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा होता. प्रांतोप्रांतीचे पीक आणि धान्याचे भाव पडताळून, १८६७-७० च्या सुमारास येथील दरडोई वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये असल्याचे त्यांनी दाखवले. तुरुंगातील अन्न-वस्त्राच्या सरकारी खर्चावरून काढलेला किमान निर्वाहखर्च मात्र ३४ रुपये होता. मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे त्या आकड्यांनी उघड केले. १८९२ मध्ये ते ब्रिटिश संसदेत निवडून गेले. ३० जून १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. ठरावीक गरजा भागवायला बाजारभावाने किती पैसे लागतात, हा त्यांचा प्रश्न आजच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्याही मुळाशी आहे.