घड्याळांचा शिल्पकार अब्राहम लुई ब्रेगे

सोन्याचा मुलामा दिलेलें, किल्ली न देतां चालणारें, स्त्रियांच्या मनगटावर शोभणारें लहानसें घड्याळ पुष्कळ घरांत आजीची आठवण म्हणून जपून ठेवलेलें असतें. हाताच्या हालचालीनें त्यास आपोआप किल्ली बसते, आणि तें खिशांत न राहतां मनगटावर राहतें. या दोन्ही गोष्टींच्या उगमाकडे गेलें असतां एकाच थोर कारागिराचें नांव पुढें येतें. तो कारागीर म्हणजे अब्राहम लुई ब्रेगे होय.

ब्रेगेचा जन्म १० जानेवारी १७४७ रोजीं न्यूशातेल येथें झाला. हें गांव आज स्वित्झर्लंडांत आहे. तो अकरा वर्षांचा असतांना त्याचे वडील वारले. आईनें पुनर्विवाह केला. सावत्र बाप घड्याळांच्या धंद्यांतला असल्यामुळें मुलाचा त्या विद्येशीं परिचय झाला. १७६२ सालीं, पंधराव्या वर्षीं, त्यास फ्रान्समध्यें व्हर्साय येथें उमेदवारीस ठेवण्यांत आलें. पुढें थोड्याच काळांत आई, सावत्र बाप व गुरु हे तिघेही निवर्तले, आणि धाकट्या बहिणीचा भार या तरुणावर येऊन पडला. तरीही त्यानें विद्येचा ध्यास सोडला नाहीं. दिवसा हातांत हत्यारें धरून तो संध्याकाळीं पॅरिसच्या माझारँ विद्यालयांत आबे मारी या विद्वान् धर्मगुरूजवळ गणित शिके.

१७७५ सालीं त्यानें पॅरिसमध्यें सेन नदीच्या बेटावर आपलें दुकान थाटलें. पांचच वर्षांनीं त्याची पत्नी मरण पावली व लहानग्या मुलाचें संगोपन त्याजकडे आलें. त्याच १७८० सालीं त्यानें आपोआप किल्ली बसणारें खिशांतलें घड्याळ सिद्ध केलें. मनुष्य चालूं लागला कीं आंतील एक वजनदार तुकडा हेलकाव्यांनीं वरखालीं होई, आणि त्या प्रत्येक हालचालीबरोबर घड्याळाची कमान थोडी थोडी गुंडाळली जाई. ही कल्पना स्वित्झर्लंडांतील पेरले यासही सुचली होती. परंतु ब्रेगेच्या हातीं ती भरंवशाची झाली.

१७८३ सालीं त्याच्याकडे एक विलक्षण मागणी आली. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठीं, त्या काळीं ठाऊक असलेल्या सर्व करामती ज्यांत असतील असें घड्याळ घडवावयाचें होतें. शक्य तेथें सोनेंच वापरावयाचें होतें. खर्चास व काळास मर्यादा नव्हती. काम चालू असतांनाच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९३ सालीं ब्रेगेस जीव वांचविण्यासाठीं पॅरिस सोडावें लागलें, आणि त्याच वर्षीं राणीचा शिरच्छेद झाला. १७९५ सालीं तो परतला, तेव्हां त्यास आपला धंदा पुन्हां उभा करावा लागला. तो खचला नाहीं. १८०१ सालीं त्यानें ‘तुरबियाँ’ या रचनेचें पेटंट मिळविलें. घड्याळ उभें राहिल्यानें गुरुत्वाकर्षणामुळें त्याच्या गतींत जी चूक पडते, ती या रचनेंत आंतील भाग सतत फिरते ठेवून भरून काढली जाते.

१८१० सालीं नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा, म्हणजे नेपोलियनची बहीण, हिनें त्यास मनगटावर बांधावयाचें घड्याळ घडविण्यास सांगितलें. तें लांबट आकाराचें घड्याळ १८१२ च्या अखेरीस पूर्ण झालें. त्याचा पट्टा केसांत सोन्याची तार गुंफून केलेला होता. मुद्दाम मनगटासाठीं घडविलेल्या व लेखी नोंद असलेल्या अगदीं पहिल्या घड्याळांत त्याची गणना होते. दुकानाच्या वह्यांत १८५५ सालापर्यंत त्याच्या दुरुस्तीची नोंद सांपडते. पुढें त्याचा मागमूस लागलेला नाहीं.

ब्रेगेस १८१६ सालीं फ्रान्सच्या विज्ञान परिषदेचें सभासदत्व मिळालें. १७ सप्टेंबर १८२३ रोजीं त्याचें देहावसान झालें. मारी आंत्वानेतचें घड्याळ तेव्हांही अपुरेंच होतें. मागणी करणारें कोणी उरलें नव्हतें. तरी त्याच्या कारखान्यानें तें १८२७ सालीं पुरें केलें. आठशेंहून अधिक भागांचें तें घड्याळही आपोआप किल्ली बसणारेंच आहे. १९८३ सालीं तें जेरुसलेमच्या संग्रहालयांतून चोरीस गेलें. पुष्कळ वर्षांनीं तें परत मिळालें.

पुढें १९२४ सालीं जॉन हारवुड या इंग्रज कारागिरानें आपोआप किल्ली बसणाऱ्या मनगटी घड्याळाचें पेटंट घेतलें, आणि राण्यांचें तें भाग्य हळूहळू सामान्य घरांतील स्त्रियांपर्यंत आलें. विद्यार्थिमित्रांनो, आजीच्या घड्याळावरील मुलामा वापरानें झिजतो; आंतील यंत्र मात्र नीट घडविलेलें असेल तर पिढ्यान्‌पिढ्या चालतें. ब्रेगेनें आपला सारा जन्म, जेथें कोणाची दृष्टि पोंचत नाहीं अशा त्या आंतल्या कामासाठीं वेंचला. आपल्या अभ्यासाचेंही तसेंच आहे. परीक्षक पाहो वा न पाहो, हातीं घेतलेलें काम आंतून चोख असावें आणि तें शेवटास न्यावें, हाच त्याच्या चरित्राचा बोध होय.