रहीम साहेबांचा फळा

सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. 1909 साली हैदराबादेत जन्मलेल्या या माणसाने फुटबॉलच्या मैदानाकडेही वर्ग म्हणूनच पाहिले. भारतीय फुटबॉलचा जो काळ आज सुवर्णकाळ म्हणून सांगितला जातो, तो वस्तुतः या वर्गाचा निकाल होय.

हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला, तेव्हा रहीम यांच्या पद्धतीची ओळख कूपरेजच्या प्रेक्षकांना प्रथम घडली. चेंडू पायात घोळवून टाळ्या मिळविण्याची त्या काळी मोठी हौस होती. रहीम यांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरविल्या. केवळ दुबळ्या पायाने खेळायचे सामने घेतले. चेंडू खेळाडूपेक्षा वेगाने धावतो, हे साधे तत्त्व त्यांनी अशा रीतीने अंगी मुरविले.

राष्ट्रीय संघाने त्यांच्या हाताखाली 1951 साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळविले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, एवढेच कारण लोकांच्या लक्षात राहिले आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीम यांना मात्र दोषाचे मूळ रचनेतही दिसले. दोन बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि पाच आघाडीवीर ही जुनी मांडणी वेगवान युरोपीय चढाईपुढे उघडी पडत होती. बूट बाजारात मिळतात. नवी रचना मात्र शिकावी लागते. 1953 साली हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 असे नमविले, ते मधला आघाडीवीर मागे खेचून. अशा धड्यांचा अभ्यास रहीम यांनी विद्यार्थ्याच्या नम्रतेने केला.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याचे फळ दिसले. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला उपान्त्यपूर्व फेरी लाभली हे खरे. पण तेथे यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले ते खेळूनच. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत चौथा आला. त्याहून वरचे स्थान ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताला कधीच मिळाले नाही.

पुढे ब्राझीलने 1958 साली जगासमोर मांडलेली 4-2-4 ही रचना रहीम यांनी भारतीय संघात रुजविली. मागे चौघे, पुढे चौघे आणि मध्ये अवघे दोघे, अशी ही रचना. त्या दोघांवर अमानुष भार पडतो. म्हणूनच बगलेवरच्या खेळाडूंनी मागे येणे आणि बचावपटूंनी पुढे सरकणे तिच्यात अटळ ठरते. 1962 च्या जकार्ता स्पर्धेत हा भार वाहणाऱ्यांत गोव्याचा फ्रँको होता.

तेव्हा रहीम कर्करोगाने पोखरले होते. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरविले. बचावाचा आधारस्तंभ जर्नैल सिंग याच्या डोक्याला जखम झाली. एखाद्या पोथीनिष्ठ प्रशिक्षकाने त्याला बसवून ठेवले असते. रहीम यांनी त्यालाच आघाडीवर पाठविले आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाविरुद्ध त्याने गोल केला. 4 सप्टेंबर 1962 रोजी, राजकीय वादाने बिथरलेल्या प्रेक्षकांच्या हुर्योत, पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल यांच्या गोलांनी भारताने 2-1 असे सुवर्णपदक जिंकले.

11 जून 1963 रोजी रहीम गेले. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला अजून बावीस वर्षे होती. परंतु खरी उपेक्षा पुरस्काराची नव्हे, परंपरेची झाली. 1960 च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय फुटबॉल संघाने ऑलिंपिकचे मैदान पाहिलेले नाही. आपण विजय साजरे केले, खेळाडूंच्या आख्यायिका रचल्या. पण तो विजय शिकविणाऱ्याची पद्धत गावोगावच्या शाळांत नेली नाही. एका माणसाच्या डोक्यात साठलेले ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ देणे, हा कोणत्याही संस्थेचा सर्वांत मोठा पराभव असतो. त्याची नोंद धावफलकावर होत नाही, एवढेच.