पुण्यात आलेला इंग्रज पाद्री अरुणाचलचा माणूस कसा झाला?

अरुणाचल प्रदेशात फिरायला जायचं तर भारतीयांनाही इनर लाइन परमिट काढावं लागतं. ही रेषा इंग्रजांनी १८७३ च्या कायद्याने आखली आणि स्वतंत्र भारताने ती कायम ठेवली. बाहेरच्यांनी इथल्या जमिनी बळकावू नयेत, कारभार इथल्या लोकांच्या कलाने चालावा, हा विचार ज्यांनी सरकारच्या गळी उतरवला त्यात एक जन्माने इंग्रज माणूस होता.

त्यांचं नाव वेरियर एल्विन.

एल्विन यांचा जन्म १९०२ चा, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील बिशप होते. ऑक्सफर्डमध्ये एल्विन यांनी इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवला आणि ते पाद्री झाले. १९२७ साली ते भारतात आले ते थेट पुण्यात, ख्रिस्त सेवा संघात.

पण झालं भलतंच. पुढच्याच वर्षी ते साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले. धर्मप्रसार करायला आलेला पाद्री खादी घालून स्वातंत्र्यलढ्याची बाजू घेऊ लागला. साहजिकच इंग्रज सरकार आणि चर्च, दोघांचंही त्यांच्याशी बिनसलं.

पुण्यात त्यांना एक जिवाभावाचा मित्र भेटला, शामराव हिवाळे. १९३२ साली हे दोघे मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात, करंजिया या गोंड वस्तीत जाऊन राहिले. तिथे त्यांनी शाळा आणि दवाखाना सुरू केला. तीन वर्षांनी एल्विन यांनी पाद्रीपद सोडलं आणि ते मानववंशशास्त्राकडे वळले. विद्यापीठात त्याची पदवी न घेता, आदिवासींमध्ये राहूनच ते हा विषय शिकले. १९३९ साली त्यांचं बैगा जमातीवरचं पुस्तक आलं, १९४७ साली मुरिया गोंडांच्या घोटुलवरचं.

या पुस्तकांवरून वादही पेटला. बैगांसाठी वेगळा राखीव प्रदेश असावा, अशी सूचना एल्विन यांनी केली होती. आदिवासींना अजायबघरात ठेवायचं आहे का, असा सवाल टीकाकारांनी केला. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात त्यांच्यावर कडक टीका केली. घुर्ये यांच्या मते आदिवासी हे मागासलेले हिंदूच होते आणि त्यांना वेगळं काढणं चुकीचं होतं.

घरातही सगळं ठीक नव्हतं. १९४० मध्ये एल्विन यांनी कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं. थोरल्या मुलाचं नाव नेहरूंवरून जवाहर ठेवलं. हे लग्न १९४९ साली मोडलं. त्यानंतर त्यांनी लीला यांच्याशी लग्न केलं. पन्नाशी आली होती, संसार मोठा होता आणि पैशांची चणचण कायमची होती.

अशा वेळी बोलावणं आलं ते नेफाकडून. नेफा म्हणजे नॉर्थ ईस्ट फ्रंटियर एजन्सी, आजचा अरुणाचल. तिबेटला लागून असलेला हा डोंगराळ मुलूख तेव्हा बहुतेक भारतीयांना नकाशावरही सापडला नसता. ऑक्टोबर १९५३ मध्ये तिथे अचिंगमोरीला टागिन जमातीच्या लोकांनी आसाम रायफल्सच्या तुकडीवर हल्ला करून अनेकांना ठार केलं होतं. सरकारने सूड म्हणून गावं बेचिराख केली नाहीत, दोषींवर खटला चालवला. या भागात राज्य कसं करायचं, हा प्रश्न मात्र उभा राहिला होता.

१९५४ च्या सुरुवातीला एल्विन आदिवासी विषयांचे सल्लागार म्हणून रुजू झाले आणि त्यांनी शिलाँगला बिऱ्हाड केलं. कारण नेफाचा कारभार तिथूनच चालायचा. त्याच वर्षी त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं.

एल्विन शिलाँगच्या कचेरीत बसून राहिले नाहीत. रस्ते नव्हते, त्यामुळे दौरे आठवडेच्या आठवडे चालायचे, तेही बहुतेक पायी. १९५६ मध्ये ते तवांगच्या मठापर्यंत पोहोचले. वाटेत लोककथा, विणकाम, लाकडी कोरीव काम, घरं असं जे दिसेल ते टिपून ठेवायचे.

१९५७ साली ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ हे त्यांचं पुस्तक आलं. नेहरूंनी त्याला प्रस्तावना लिहिली. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नेहरूंनी पाच तत्त्वं सांगितली, तीच आदिवासी पंचशील म्हणून ओळखली जातात. लोकांवर काही लादू नका. जमीन आणि जंगलावरचा त्यांचा हक्क जपा. कारभारासाठी त्यांच्यातलेच लोक तयार करा. योजनांचा मारा करू नका. किती पैसा खर्च झाला यापेक्षा माणूस कसा घडला ते बघा.

थोडक्यात, एल्विन यांनी आपली जुनी भूमिका बदलली होती. आदिवासींना जगापासून तोडायचं नाही, पण बाहेरच्या लोंढ्यात बुडूही द्यायचं नाही, असा मधला मार्ग ते सांगत होते.

१९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये चिनी सैन्य नेफात घुसलं, तवांग आणि बोमडिला पडलं. हा भाग देशापासून वेगळा ठेवला म्हणूनच हे घडलं, असा सूर उमटला आणि एल्विन पुन्हा टीकेचे धनी झाले. हृदयविकाराने ते आधीच खचले होते. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि शिलाँगमध्ये बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पण त्यांच्या या नव्या सुरुवातीची किंमत इतरांनीही मोजली. शामराव मंडल्यातच राहिले. कोसी तिकडेच, हलाखीत जगल्या आणि २०१० साली वारल्या. एल्विन यांच्या आत्मचरित्रात त्यांच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या.

नेफा १९७२ मध्ये केंद्रशासित अरुणाचल प्रदेश झाला आणि १९८७ मध्ये राज्य. एल्विन बरोबर होते की घुर्ये, हा वाद आजही संपलेला नाही. पण आदिवासींसाठी धोरण ठरवायचं तर आधी त्यांच्या गावी चालत जायला हवं, हे एल्विन यांनी स्वतः करून दाखवलं होतं.