विश्लेषण : क्रिएटिन गरम पाण्यात घ्यावे की गार? पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या प्रयोगशाळेत दडलेले उत्तर

जिममधून बाहेर पडताना शेकर हलवणारी मुले आता तालुक्याच्या गावातही दिसतात. शेकरच्या तळाशी वाळूसारखी पांढरी पावडर उरते आणि मग प्रश्न सुरू होतात. पाणी गरम हवे की गार? लिंबू पिळावे का? ज्यूसमध्ये टाकले तर लवकर ‘लागते’ का? रात्री मिसळून ठेवले तर सकाळी चालेल का?

यातील निम्म्या प्रश्नांची उत्तरे युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या कामात सापडतात. क्रिएटिन स्नायूंमध्ये खरोखर असते हे ठामपणे दाखवून देणारे तेच. पुढे स्वतःच्या नावाने मांसाचा अर्क बाजारात आणून, त्याच्या ताकदीबद्दल भलतेच मोठे दावे करणारेही तेच.

रंगवाल्याचा मुलगा

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट येथे झाला. वडील रंग, वॉर्निश आणि रसायनांचे व्यापारी होते आणि बराचसा माल घरच्याच कार्यशाळेत तयार करायचे. युस्टुस तिथेच लुडबुड करत वाढला. शाळेत त्याचे फारसे जमले नाही. मग एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवले, तेही काही महिन्यांतच सुटले. स्फोटक रसायनाने माळा उडवल्यामुळे त्याला हाकलले, अशी एक रंजक कथा सांगितली जाते. चरित्रकार मात्र वडिलांकडे फी भरायला पैसे नव्हते, असे साधे कारण देतात.

तो तेरा वर्षांचा असताना, १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्यामुळे सूर्यप्रकाश अडला, पिके बुडाली आणि जर्मनीत उपासमार झाली. माती, पीक, अन्न आणि शरीर यांचा एकमेकांशी संबंध काय, हाच पुढे लीबिग यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय झाला.

बॉन आणि एरलांगेन येथील शिक्षणानंतर ग्रँड ड्यूकच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि गे-ल्युसॅक यांच्या प्रयोगशाळेत शिरले. १८२४ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, ते गीसेन या लहानशा विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रयोगशाळेसाठी मिळाली ती सैनिकी बराकीजवळची रिकामी पडलेली इमारत. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवण्याऐवजी हाताने प्रयोग करायला लावले. आज कॉलेजात आपण केमिस्ट्रीचे जे प्रॅक्टिकल करतो (आणि जर्नल दुसऱ्याचे बघून उतरवतो), त्या पद्धतीचे एक मूळ गीसेनमध्ये आहे. ‘लीबिग कंडेन्सर’ प्रॅक्टिकलवाल्यांना आठवत असेल. गंमत म्हणजे तो त्यांचा शोध नाही. त्यांच्यामुळे प्रसिद्ध झाला एवढेच.

न विरघळणारे खत

क्रिएटिनकडे वळण्याआधी लीबिग यांची एक मोठी फजिती सांगायला हवी, कारण शेकरच्या तळाशी उरणाऱ्या पावडरीशी तिचे थेट नाते आहे.

१८४० मध्ये त्यांनी शेतीच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिले. वनस्पती जमिनीतून खनिजे घेतात, ती पिकाबरोबर निघून जातात, म्हणून ती परत द्यायला हवीत, हा त्याचा गाभा. मग त्यांनी स्वतःचे खत काढले आणि १८४५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ते विक्रीला आले. लीबिग यांना भीती होती, की पोटॅशसारखे क्षार पाण्यात विरघळतात, तेव्हा पहिल्या पावसातच ते वाहून जातील. म्हणून त्यांनी ही खनिजे भट्टीत वितळवून काचेसारखी कडक, जवळपास न विरघळणारी केली. शेतकऱ्यांनी पैसे मोजले, शेतात खत टाकले आणि पीक होते तसेच राहिले.

जे पाण्यात उतरतच नाही, ते मूळ शोषणार कसे? १८५० च्या आसपास इंग्लंडमधील प्रयोगांनी दाखवले, की माती विरघळलेले क्षार स्वतः धरून ठेवते, ते सगळे वाहून जात नाहीत. लीबिग यांची भीतीच चुकीची होती. चूक कबूल करायला त्यांना बरीच वर्षे लागली. नायट्रोजन वेगळा द्यायची फारशी गरज नाही, हे त्यांचे मतही रॉथमस्टेड येथील शेतांवरच्या प्रयोगांत टिकले नाही. ते प्रयोग करणाऱ्यांपैकी गिल्बर्ट हे गीसेनमध्ये लीबिग यांच्याच हाताखाली शिकलेले.

शोषणाची पहिली पायरी विरघळणे, हे क्रिएटिनलाही लागू आहे. क्रिएटिन मोनोहायड्रेट गार पाण्यात फारच कमी विरघळते. २० अंश सेल्सियसच्या एका लिटर पाण्यात साधारण १४ ग्रॅम, ५० अंशांच्या पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम आणि फ्रीजमधल्या ४ अंशांच्या पाण्यात जेमतेम ६ ग्रॅम. हिशोब सोपा आहे. ५ ग्रॅमचा डोस पूर्ण विरघळायला साध्या पाण्याचा मोठा ग्लास, म्हणजे ३५० मिलिलिटर लागतो. कोमट-गरम पाणी असेल तर १५० मिलिलिटर पुरते. बर्फाच्या पाण्यात कितीही शेकर हलवा, वाळू खाली बसणारच.

पण इथे खत आणि क्रिएटिन यांत फरक आहे. न विरघळलेले थोडे कण गिळले, तरी पोटातल्या पाण्यात आणि उष्णतेत ते विरघळतात. तोंडाने घेतलेले मोनोहायड्रेट जवळपास सगळे रक्तात जाते. कोमट पाण्याचा फायदा म्हणजे पावडर ग्लासात मागे उरत नाही आणि पोट कमी बिघडते.

कोल्हे आणि आम्ल

क्रिएटिन हे नाव लीबिग यांचे नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रेल यांना १८३२ मध्ये मांसाच्या अर्कात हा पदार्थ सापडला आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला नाव दिले. पण इतरांना तो सहजी सापडेना. स्वीडनचे बर्झेलियस यांनाही सापडला नाही. तो नेहमीच असतो की कधीतरी योगायोगाने येतो, यावर वाद होता.

लीबिग यांनी १८४७ मध्ये तो मिटवला. निरनिराळ्या प्राण्यांचे ढीगभर मांस बारीक करून, गार पाण्यात पिळून, त्यांनी त्यातून क्रिएटिनचे स्फटिक वेगळे केले. मांस भरपूर घेतले तरच ते हाती लागते, इतके त्याचे प्रमाण कमी. आजच्या मोजमापाने एक किलो कच्च्या मांसात साधारण ४ ते ५ ग्रॅम. यावरून शाकाहारी माणसाच्या आहारात ते जवळजवळ का नसते, हेही कळते. शरीर रोज सुमारे एक ग्रॅम स्वतः बनवते, त्यामुळे अडत काही नाही. पण शाकाहारी लोकांच्या स्नायूंत साठा कमी असतो आणि सप्लिमेंटचा परिणाम त्यांच्यात बहुधा जास्त दिसतो.

याच कामात लीबिग यांनी कोल्ह्यांची तुलना केली. शिकारीत, म्हणजे जीव घेऊन पळताना मेलेल्या कोल्ह्याच्या मांसात पाळीव कोल्ह्याच्या दहापट क्रिएटिन मिळाल्याचे त्यांनी नोंदवले. स्नायूंनी काम केले की क्रिएटिन साठते, असा त्यांनी अर्थ लावला. दहापट हा आकडा आज कोणी धरून बसत नाही. पण क्रिएटिनचा संबंध स्नायूंच्या श्रमाशी आहे, हे त्यांनी पहिल्यांदा मांडले.

शेकरवाल्यांच्या कामाचे निरीक्षण मात्र वेगळेच आहे. क्रिएटिन तीव्र आम्लाबरोबर तापवले, तर त्यातून पाण्याचा रेणू निघून जातो आणि दुसराच पदार्थ बनतो. त्याला लीबिग यांनी नाव दिले क्रिएटिनिन. रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये किडनीच्या रकान्यात दिसते ते हेच. क्रिएटिनिन स्नायूंच्या काही उपयोगाचे नाही. शरीर ते लघवीतून टाकून देते.

म्हणजे लिंबूपाणी किंवा संत्र्याचा रस चालत नाही का? लगेच पिणार असाल तर बिनधास्त चालतो. प्रश्न आहे तो मिसळून ठेवण्याचा. २५ अंश तापमानाला तीन दिवस ठेवलेल्या द्रावणात, पीएच ५.५ असेल तर सुमारे ४ टक्के, ४.५ असेल तर १२ टक्के आणि ३.५ असेल तर २१ टक्के क्रिएटिनचे क्रिएटिनिन होते. आंबट फळांचे रस या शेवटच्या गटात येतात. तासाभराने काही बिघडत नाही. पण आठवड्याची बाटली आंबट रसात भरून ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. कोरडी पावडर मात्र दीर्घकाळ टिकते.

बरणीतली ताकद

मांसाचा अर्क करण्याच्या पद्धतीत लीबिग यांना धंदाही दिसला. एक किलो घट्ट अर्कासाठी सुमारे ३० किलो मांस लागत असे. युरोपात ते परवडणारे नव्हते. १८६० च्या दशकात गीबर्ट नावाचे जर्मन अभियंते त्यांना भेटले. दक्षिण अमेरिकेत लाखो गुरे केवळ कातडे आणि चरबीसाठी मारली जात आणि मांस वाया जाई, हे गीबर्ट यांनी पाहिले होते. उरुग्वेतील फ्राय बेंटॉस येथे कारखाना उभा राहिला आणि १८६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली. लीबिग यांनी नाव दिले, दर्जा तपासण्याची जबाबदारी घेतली आणि मानधनही घेतले.

बरणीवर जगातील सर्वांत प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाचे नाव होते. आजारी, अशक्त आणि गरीब माणसाला मांसाची ताकद चमचाभर अर्कात, असा समज पसरला आणि लीबिग यांनी तो पसरू दिला. पण अर्क करताना चरबी काढून टाकली जाई आणि प्रथिनेही जवळजवळ उरत नसत. उरे ते क्षार, चव आणि थोडे क्रिएटिन-क्रिएटिनिन. टीका वाढली तसा दावा बदलत गेला. आधी अन्न म्हणून सांगितलेला अर्क पुढे चहा-कॉफीसारखा तरतरी आणणारा पदार्थ झाला. बरणी तीच आणि नावही तेच.

त्याच १८६५ च्या ऑगस्टमध्ये फिक आणि विस्लिसेनुस हे दोन शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडचा फाउलहोर्न डोंगर चढले. प्रथिने जळून स्नायूंना शक्ती मिळते, असे लीबिग यांचे म्हणणे होते. या दोघांनी प्रथिने नसलेले अन्न खाल्ले, लघवीतील नायट्रोजन मोजला आणि हिशोब मांडला. चढाईला लागलेल्या शक्तीपैकी निम्मीसुद्धा प्रथिनांतून आलेली नव्हती. लीबिग यांच्या सिद्धांताचा पायाच ढासळला.

क्रिएटिन स्नायूंत नेमके काय करते, हे कळायला १९२७ साल उजाडले. हार्वर्डमध्ये फिस्क यांच्याबरोबर काम करणारे येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म आंध्रातील भीमवरमचा, यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले. लंडनमध्ये एगलटन दाम्पत्यालाही ते स्वतंत्रपणे सापडले. क्रिएटिन फॉस्फेट धरून ठेवते आणि झटक्यात ताकद लागली की ते देऊन टाकते. म्हणून त्याचा फायदा वजन उचलताना किंवा छोट्या स्प्रिंटमध्ये दिसतो.

जास्त ‘शोषल्या जाणाऱ्या’ महागड्या प्रकारांकडे पाहताना ती अर्काची बरणी आठवते. मोनोहायड्रेट आतड्यातून नीट शोषले जातेच. अडते ते रक्तातून स्नायूंत जाताना. तिथे इन्सुलिन मदत करते. १९९६ च्या एका अभ्यासात क्रिएटिनबरोबर दर वेळी सुमारे ९३ ग्रॅम साखर दिल्यावर स्नायूंतील वाढ ६० टक्क्यांनी जास्त झाली. पण दिवसातून चार वेळा ९३ ग्रॅम साखर कोण खाणार? प्रथिने आणि कर्बोदके असलेल्या साध्या जेवणानेही तो परिणाम बऱ्याच अंशी साधतो. वरण-भातासोबत घेतले तरी चालेल. घाई नसेल तर रोज ३ ग्रॅम घेऊन २८ दिवसांत स्नायू तेवढेच भरतात, जेवढे रोज २० ग्रॅम घेऊन सहा दिवसांत. इथिल एस्टर नावाचा महाग प्रकार तर शरीरात पटकन क्रिएटिनिनच बनतो.

आणि हो, रक्त तपासायला जाताना क्रिएटिन घेत असल्याचे डॉक्टरांना सांगा. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते, तेवढ्याने किडनी बिघडली असे होत नाही. आधीपासून किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये.

लीबिग यांचे १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिकमध्ये निधन झाले. १८७० मध्ये त्यांनी स्नायूंच्या शक्तीवर पुन्हा लिहिले आणि आपल्या काही चुका मान्य केल्या; अर्काची विक्री मात्र चालूच राहिली. फ्राय बेंटॉसचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. आज तिथे संग्रहालय आहे आणि २०१५ पासून तो परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.