दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर (१० जानेवारी, १८९६, करंजगाव – १७ एप्रिल, १९९०, पुणे) हे मराठी कवी आणि वस्तुसंग्राहक होते. अज्ञातवासी या टोपणनावाने त्यांनी काव्यलेखन केले. दैनंदिन वापरातील भारतीय वस्तूंचा त्यांनी सुमारे सहा दशके संग्रह केला. या संग्रहातून पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले.

जीवन

केळकर यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील मावळ भागात, कामशेतजवळच्या करंजगाव येथे झाला. कर्जत–खालापूरकडून बोरघाट चढून लोणावळ्यापलीकडे गेल्यावर हा परिसर लागतो. पुढे ते पुण्यात स्थायिक झाले. चष्म्यांचा व्यवसाय हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. ते संस्थानिक नव्हते किंवा उद्योगपतीही नव्हते. संग्रहासाठी लागणारा पैसा त्यांना याच व्यवसायातून उभा करावा लागला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामात अखेरपर्यंत साथ लाभली.

संग्रहाचा आरंभ

केळकरांच्या कवितेला इतिहासाची ओढ होती. या ओढीतूनच ते जुन्या वस्तूंकडे वळले. १९२०च्या सुमारास त्यांनी संग्रहास आरंभ केला. त्या काळी पुण्यातील आणि खेड्यापाड्यांतील जुने वाडे मोडकळीस येत होते. पितळेची व तांब्याची भांडी मोडीत निघत होती आणि कोरीव लाकडी दारे-खिडक्या जळणासाठी विकल्या जात होत्या. अशा वस्तूंना कलावस्तू मानण्याची पद्धत तेव्हा फारशी रूढ नव्हती. मूर्ती, नाणी, शिलालेख व हस्तलिखिते यांचे महत्त्व विद्वानांना पटलेले होते. परंतु अडकित्ता किंवा वज्री जपून ठेवावी, असे क्वचितच कोणाला वाटे. केळकरांनी नेमक्या याच उपेक्षित वस्तूंवर लक्ष केंद्रित केले आणि त्यांच्या शोधात देशभर प्रवास केला.

केळकर दांपत्याचा मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षी मरण पावला. या आघातानंतर केळकरांनी संग्रहाच्या कामास अधिकच वाहून घेतले. पुढे संग्रहालयालाही त्यांनी मुलाचेच नाव दिले.

संग्रहाचे स्वरूप

संग्रहात दिवे, दौती व कलमदाने, पानदाने, अडकित्ते, हुक्के, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, शस्त्रे, वस्त्रे, बाहुल्या, चित्रे आणि कोरीव दरवाजे यांचा समावेश आहे. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून संग्रहालयात त्याची पुनर्रचना करण्यात आली आहे. भारतीय दिव्यांविषयी केळकरांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९६१ साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केले.

यांत्रिक कौशल्य आणि कला यांचा मिलाफ हे यातील अनेक वस्तूंचे वैशिष्ट्य होय. अडकित्ता ही मुळात एका खिळीवर फिरणारी साधी तरफ आहे. पण कारागिरांनी तिच्या दोन पात्यांना पोपट, घोडा किंवा स्त्री-पुरुषांच्या जोडीचे रूप दिले. जुन्या कुलपांत चावी फिरवण्याऐवजी आत सरकवावी लागे. कुलूप लावताना दांड्यावरील पोलादी पट्ट्या आत जाऊन फाकत, त्यामुळे दांडा बाहेर निघत नसे. चावीने त्या दाबल्या की तो मोकळा होई. काही कुलपांत चावीचे भोक दडवलेले असे, तर काहींना प्राण्यांचा आकार दिलेला असे. पाय घासण्याच्या वज्रीच्या पोकळ भागात खडे किंवा घुंगरू घालत, त्यामुळे ती वापरताना नाद होई. या वस्तू घडवणाऱ्या तांबट, लोहार व ओतारी कारागिरांची नावे बहुतेक ठिकाणी अज्ञात आहेत.

वापरातील यंत्राकडे कलाकृती म्हणून पाहण्याची ही दृष्टी युरोपातील घड्याळसंग्राहकांतही आढळते. इंग्लंडमधील सर डेव्हिड लायोनेल सालोमन्स (१८५१–१९२५) यांनी पॅरिसचे घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७–१८२३) यांची शंभराहून अधिक घड्याळे जमवली आणि त्यांवर १९२१ साली ग्रंथ लिहिला. त्यांपैकी बरीचशी घड्याळे त्यांच्या कन्येने जेरुसलेम येथे स्थापन केलेल्या संग्रहालयात आली. सालोमन्स यांनी एका ख्यातनाम निर्मात्याची कामे जमवली, तर केळकरांनी जमवलेल्या वस्तूंचे निर्माते अनामिक होते. दोन्ही संग्रह मात्र अखेरीस सार्वजनिक संग्रहालयांत आले.

संग्रहालय

१९६० सालापर्यंत संग्रहात सुमारे १५,००० वस्तू जमा झाल्या होत्या. एवढा संग्रह घरात सांभाळणे कठीण होते, शिवाय संग्राहकाच्या पश्चात तो विखुरला जाण्याचा धोका होता. १९६२ साली केळकरांनी संग्रहालयाची स्थापना केली. १९७५ साली त्यांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्त केला. मोठी किंमत येऊ शकणाऱ्या वस्तू विकण्याऐवजी त्यांनी त्या एकत्र ठेवून समाजाला दिल्या. त्यामुळे एकाच प्रकारच्या अनेक वस्तू शेजारी शेजारी ठेवून प्रदेशानुसार व काळानुसार त्यांच्या घडणीत पडलेले फरक अभ्यासणे शक्य झाले. पुण्यातील बाजीराव रस्त्यालगत असलेल्या या संग्रहालयात आज २०,००० हून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तूच प्रदर्शित केल्या जातात.

सन्मान

पुणे विद्यापीठाने केळकरांना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली. भारत सरकारने त्यांना पद्मश्री पुरस्काराने गौरवले.

निधन

१७ एप्रिल, १९९० रोजी वयाच्या ९४व्या वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले. मराठी कवितेच्या वाचकांना ते अज्ञातवासी म्हणून परिचित आहेत. तथापि त्यांची व्यापक ओळख आज मुलाच्या नावाने उभ्या असलेल्या या संग्रहालयामुळे टिकून आहे.