सरकारी तिजोरीचा अभ्यासक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्याला राज्यघटना आठवते. परंतु त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे सरकारच्या जमाखर्चाच्या अभ्यासात गेली, हे मला आपल्या मंडळाच्या भगिनींना मुद्दाम सांगावेसे वाटते.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली राजस्वाचा विषय शिकले. पुढे ते लंडनला गेले; पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. मागे रमाबाईंनी ओढगस्तीत संसार सांभाळला.

१९२५ साली प्रांतिक राजस्वाच्या वाटचालीवरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १८३३ नंतर सर्व प्रांतांचा पैसा मध्यवर्ती सरकारच्या ताब्यात गेला. खर्च प्रांतांनी करायचा आणि पैसा उभा करण्याची काळजी वरच्या सरकारने वाहायची! ज्या घरात मिळवणारा एक, खर्चणारा दुसरा आणि हिशेब कोणीच विचारत नाही, त्या घराचे काय होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. १८७१ पासून प्रांतांना ठराविक रकमा व पुढे उत्पन्नाच्या काही बाबी मिळाल्या. तरीही, जे सरकार जनतेला जबाबदार नाही ते जनतेच्या कल्याणासाठी हात सैल सोडत नाही, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले.

ही विद्या त्यांनी पुस्तकातच ठेवली नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले. त्याला पाठिंबा देताना, हा भार बराचसा सरकारने उचलावा, असे मत त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा झाला.

त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या घटनेत वित्त आयोगाची तरतूद आहे. पहिला आयोग १९५१ साली नेमला गेला. १९५४ साली बाबासाहेबांनी भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढवली व ते पराभूत झाले. आपली बिरसी तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होती. १९५६ साली त्यांचे निधन झाले.

आज वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार ग्रामपंचायतींनाही अनुदान मिळते. भगिनींनो, घरातला पै-पैचा हिशेब आपण ठेवतो. तसाच गावचा हिशेबही ग्रामसभेत बसून विचारू या. बाबासाहेबांच्या विद्येचे स्मरण याहून चांगले कोणते?